यंत्राने लिहिलेले पाढे

गेल्या चैत्रात आम्ही विंझरला दोन दिवस मुक्कामास होतो. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मार्गासनी मागे टाकली की हे गाव लागते. एका अंगाला राजगड, पुढे तोरणा, असा त्याचा शेजार. त्यामुळे पुण्याकडून आलेला माणूस इथे इतिहास म्हणजे किल्लाच असे धरून चालतो, आणि आम्हीही तेच धरून गेलो होतो. परंतु आज आपणापुढे जो विषय मांडणार आहोत तो आम्हांस गडावर सापडला नाही. तो आमच्या यजमानांच्या सोप्यात, भाताच्या कणगीशेजारी ठेवलेल्या एका जुन्या संगणकावर सापडला.

यजमानांचे वडील ऐंशी ओलांडलेले, सारा जन्म प्राथमिक शिक्षकीत गेलेला. नातू पुण्याला महाविद्यालयात शिकतो. सुट्टीत घरी आला होता. रात्री जेवणे झाल्यावर तो आजोबांना आपली विद्या दाखवू लागला. पडद्यावर त्याने एक छोटी खिडकी तयार केली होती. खिडकीत एक बटण आणि बटणाखाली मजकुरासाठी एक पांढरी चौकट, ज्याला ही मंडळी टेक्स्ट बॉक्स म्हणतात.

"आजोबा, आता बघा. बटण दाबलं की सतराचा पाढा येतो."

बटण दाबले. चौकटीत एकच ओळ आली: १७ × १० = १७०.

आजोबांनी चष्मा सारखा केला. "हा पाढा झाला होय रे? ही तर शेवटची ओळ. आधीच्या नऊ कुठं गेल्या?"

"त्या आल्या होत्या आजोबा. पण इतक्या भरकन गेल्या, की दिसल्या नाहीत."

"आल्या आणि गेल्या. मग आल्या होत्या कशावरून?"

नातू निरुत्तर झाला. आम्हीही गप्प बसलो, कारण इतिहासाच्या अभ्यासकाला जन्मभर जो प्रश्न पुरतो तोच म्हाताऱ्याने सहज विचारला होता. घडले खरे, पण मागे काही राहिले नाही. मग घडले कशावरून?

त्या नऊ ओळी कोठे गेल्या याचा शोध घेता घेता आम्ही बरेच मागे गेलो. तो प्रवास येथे सांगतो. श्रोत्यांपैकी ज्यांनी संगणकाला हात लावलेला नाही त्यांनी घाबरू नये. पाढे येत असले म्हणजे पुरे.

प्रथम शब्द उलगडू. एकच कृती ठराविक वेळा करावयाची असता यंत्राला ती दहादा सांगावी लागत नाही. एकदा सांगून 'एकपासून दहापर्यंत हेच कर' असे म्हटले की झाले. याला इंग्रजीत लूप म्हणतात. आपल्याकडे पुस्तकी शब्द 'आवर्तन' असा करतात. आम्हांला 'फेरा' बरा वाटतो, कारण जात्याचा फेरा, रहाटाचा फेरा, प्रदक्षिणेचा फेरा हे सारे त्याच जातीचे. दर फेऱ्याला थोडे काही बाहेर पडते. जात्यातून पीठ पडते, रहाटातून पाणी पडते. आता पीठ साठविण्यास खाली काय ठेवले आहे, यावर सगळे अवलंबून. परात असली तर पीठ साठते. परातीऐवजी कोणी तळहातच धरला, आणि दर फेऱ्यास तो झटकून पुन्हा धरला, तर शेवटी चिमूटभरच उरणार. आमच्या तरुण मित्राचे नेमके हेच झाले होते.

आपल्या जुन्या शाळांत हा फेरा तोंडाने चालत असे. संध्याकाळचा परवचा ज्यांनी म्हटला आहे त्यांना सांगावयास नको. बे एके बे, बे दुणे चार. मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. या पाढ्यांत प्रत्येक ओळ उच्चारताच हवेत विरते आणि पुढची तिच्या जागी येते. तरीही कोणी म्हणत नाही, की मुलाने शेवटचीच ओळ म्हटली. कारण ऐकणारा समोर बसलेला असतो, आणि ओळ सरकण्याचा वेग त्याच्या कानाला झेपेल इतकाच असतो. यंत्राच्या बाबतीत नेमकी हीच दोन पथ्ये मोडतात. ऐकणाऱ्याची त्याला पर्वा नाही, आणि वेग असा की डोळ्याची पापणी लवण्याच्या आत दहा काय, दहा हजार ओळी होऊन जाव्यात.

यंत्राने पाढे करावेत ही कल्पना मात्र पाढे दिसावेत, टिकावेत, बिनचूक टिकावेत म्हणूनच निघाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८२१ साली इंग्लंडात चार्ल्स बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल खगोलगणिताची हाताने केलेली कोष्टके ताडून पाहत होते. चुकांमागून चुका निघत. गणित करणारा चुकतो तितकाच नकलणारा चुकतो, आणि त्याहून अधिक छापखान्यात खिळे जुळविणारा चुकतो. म्हणून बॅबेजने जे फरकयंत्र योजिले त्याचा निम्मा जीव गणितात होता, तर निम्मा छपाईत. निघालेला आकडा यंत्रानेच ठशावर उमटवावा, मध्ये माणसाचा हात लागूच नये, अशी ती योजना होती. सरकारने १८२३ पासून पैसा पुरविला आणि १८४२ साली हात आखडता घेतला. यंत्र पुरे झाले नाही. त्याच्याच दुसऱ्या आराखड्यावरून लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने १९९१ साली यंत्राचा गणिती भाग उभा केला, आणि छपाईचा भाग जोडण्यास त्यानंतर आणखी काही वर्षे लागली. म्हणजे दीडशे वर्षांनंतरही हिशेब आधी झाला आणि तो दाखविण्याची सोय मागून आली. आमच्या विंझरच्या मित्राला यातून थोडा दिलासा मिळावा.

बॅबेजच्या दुसऱ्या, अधिक मोठ्या योजनेवर मेनाब्रेआ नावाच्या इटालियन अभियंत्याने १८४२ साली फ्रेंचमध्ये निबंध लिहिला. पुढच्या वर्षी, १८४३ साली, एडा लव्हलेस या बाईंनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि मुळाहून मोठी टिपणे जोडली. त्यांत बर्नुलीच्या संख्या यंत्राकडून कशा काढवाव्यात याचा तक्ता आहे, आणि त्या तक्त्यात काही पायऱ्यांचा फेरा पुन्हा पुन्हा घेतलेला आहे. परंतु आम्हांस त्या तक्त्यातील एक बारीक खूण फार महत्त्वाची वाटते. यंत्रातील प्रत्येक स्तंभात एक संख्या राहते. नवी आली की जुनी जाते. हे बाईंना पुरते ठाऊक होते. म्हणून त्या स्तंभाच्या नावाच्या डाव्या खांद्यावर एक लहान आकडा लिहितात: या स्तंभातील संख्या कितव्यांदा बदलली आहे तो आकडा. यंत्र विसरणार, म्हणून कागदाने लक्षात ठेवावयाचे! आजोबांच्या 'आल्या होत्या कशावरून' या प्रश्नाला पावणेदोनशे वर्षांपूर्वी दिलेले हे उत्तर आहे.

आता एकदम शंभर वर्षे ओलांडू. मधला काळ आमच्या विषयापुरता फारसा बोलका नाही.

२१ जून १९४८ रोजी मँचेस्टरला विल्यम्स आणि किलबर्न यांच्या लहानशा यंत्राने, स्वतःच्याच स्मरणात साठविलेल्या आज्ञांवरून, पहिले गणित सोडविले. आज्ञा अवघ्या सतरा. २,६२,१४४ या संख्येचा, ती स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधावयाचा होता. उत्तर १,३१,०७२ हे कोणीही मनात सांगेल. पण यंत्राने वरून खाली येत एकेक आकडा वजाबाकीने ताडून पाहण्याचा फेरा घेतला आणि बावन्न मिनिटांनी ते थांबले. उत्तर दिसले कोठे? काचेच्या नळीच्या तोंडावर, ठिपक्यांच्या रूपात. यंत्राच्या स्मरणात या क्षणी जे आहे तेच त्या काचेवर. मागच्या क्षणी काय होते, ते गेले. ती पाटी होती.

पुढच्या वर्षी, ६ मे १९४९ रोजी, केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅक यंत्राने पहिला कार्यक्रम पार पाडला, आणि तो कोणता? शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या संख्यांचे वर्ग! म्हणजे शुद्ध पाढाच. पण एडसॅकला दूरमुद्रक, म्हणजे टेलिप्रिंटर, जोडलेला होता. एक वर्ग निघाला की तो कागदावर उमटे, कागद वर सरके, दुसरा त्याच्याखाली उमटे. शेवटी शंभरही आकडे कागदावर हजर. ती वही होती.

एका वर्षाच्या अंतराने दोन घराणी सुरू झाली, पाटीचे आणि वहीचे. पुढचा सारा इतिहास या दोन घराण्यांच्या सोयरिकीचा आणि भांडणाचा आहे. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेले टिफ्रॅक हे यंत्र १९६० साली कामास लागले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्यालाही दूरमुद्रक होता तसा आकृती दाखविणारा काचेचा पडदाही होता. रंगनाथन नरसिंहन यांच्या पुढाकाराने झालेल्या या यंत्रात दोन्ही घराणी सुखाने नांदत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे थोडे आडवाटेला जाऊ. कचेरीत ज्यांनी जुने टंकलेखनयंत्र पाहिले आहे त्यांना आठवेल, की ओळ संपत आली की घंटी वाजे. मग टंकलेखक डाव्या हाताने दांडी ओढी. त्या एका झटक्यात दोन कामे होत. कागदाचा गाडा मूळ जागी परत जाई आणि कागद एक ओळ वर सरके. दूरमुद्रकात ही दोन कामे दोन वेगळ्या संकेतांनी करावी लागत; डोनाल्ड मरे या न्यूझीलंडच्या गृहस्थाने १९०१ च्या सुमारास आपल्या तारसंकेतात दोहोंना दोन स्वतंत्र जागा दिल्या. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांचा जो प्रमाण संकेत ठरला त्यात गाडा परत नेण्यास १३ आणि कागद सरकविण्यास १० हे क्रमांक आले. पुढे गाडा गेला, कागद गेला, घंटी गेली. संकेत मात्र राहिले. विंडोज प्रणालीच्या मजकूरचौकटीत नवी ओळ हवी असेल तर हे दोन्ही संकेत एकापाठोपाठ द्यावे लागत. नुसता दहावा दिला तर ओळी एकमेकींना चिकटून बसत. युनिक्स नावाच्या दुसऱ्या घराण्यात मात्र एकट्या दहाव्यावर भागते. मायक्रोसॉफ्टच्या नोटपॅडला, म्हणजे अगदी साध्या लेखनवहीला, ही परक्या घरची रीत समजू लागण्यास २०१८ साल उजाडावे लागले. आमच्या तरुण मित्राने पुढे जेव्हा ओळी जोडून पाहिल्या तेव्हा पहिल्या प्रयत्नात सतरा, चौतीस, एक्कावन्न हे सारे एका रांगेत गाडीच्या डब्यांसारखे लागले होते. त्याला आम्ही या गाड्याची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला. खरे वाटले नसावे. टंकलेखनयंत्र त्याने पाहिलेलेच नाही. वास्तविक गोदरेज कंपनीने १९५५ साली बाजारात आणलेल्या स्वदेशी टंकलेखनयंत्रांचा कारखाना पुढे भोरच्या शेजारी शिरवळलाच होता, आणि २००९ च्या सुमारास ते उत्पादन थांबले. विंझरहून शिरवळ किती लांब? दुपारच्या गाडीने जाऊन मुक्कामाला परत येता येते. आडवाट संपली.

कागदाचा दूरमुद्रक जाऊन काचेचा पडदा आला तेव्हा लोकांनी आधी पडद्यालाच कागद मानले. ओळी खालून येत आणि वर सरकत. पण चोवीस ओळींचा पडदा भरला की सर्वांत वरची ओळ कायमची जाई. कागद जसा यंत्रामागे टोपलीत साठे तसे काही पडद्यामागे साठत नसे. एक विपरीत घडले: दिसणे झटपट झाले आणि राहणे अवघड झाले. तरीही 'लिही' म्हणताच पुढच्या ओळीवर लिहिण्याची वहीची सवय येथवर टिकून होती. संगणकाचे पहिले धडे गिरविणारा विद्यार्थी फेऱ्यात 'लिही' म्हणे, आणि दहाच्या दहा ओळी एकाखाली एक उभ्या राहत.

ही सवय मोडली ती खिडक्यांच्या युगात. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत माऊस आणि पडद्यावरील मजकूर यांचा जो प्रयोग दाखविला, आणि १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनगृहात जे आल्टो यंत्र झाले, तेथून ही परंपरा निघते. विंडोज १९८५ साली आली. परंतु सामान्य माणसाने स्वतः खिडकी तयार करावी असे दिवस १९९१ साली व्हिज्युअल बेसिकने आणले. ॲलन कूपर यांनी रचलेल्या एका साधनाचा मायक्रोसॉफ्टने बेसिक भाषेशी मेळ घातला आणि त्यातून ते जन्मले. त्याआधी एक साधी खिडकी उघडण्यास पानभर आज्ञा लिहाव्या लागत. आता बटण उचलून ठेवले, चौकट उचलून ठेवली, की काम भागे. आपल्याकडे नव्वदनंतरच्या दशकात गल्लोगल्ली जे संगणकवर्ग निघाले त्यांत कित्येकांनी पहिली चौकट मांडली ती याच साधनाने.

आणि येथेच पाढ्याच्या नऊ ओळी हरवू लागल्या. कारण ही चौकट मुळात वही नव्हतीच. ती अर्जातील रकाना होती. नाव, आडनाव, गाव, वय असे जे रकाने आपण सरकारी अर्जात भरतो, त्यांची ती पडद्यावरची प्रतिमा. माणसाने तिच्यात लिहावे आणि यंत्राने वाचावे, यासाठी ती जन्मली. 'गाव' या रकान्यात आधी भोर लिहिले आणि मग विंझर लिहिले, तर भोर जाऊन विंझर राहावे हेच योग्य. दोन्ही राहिले तर अर्ज बाद. म्हणून 'चौकटीचा मजकूर अमुक' असे म्हणताच जुना मजकूर पुसून नवा बसतो. एकाहून अधिक ओळी तिच्यात मावाव्यात असे वाटत असेल तर तेही तिला वेगळे बजावून सांगावे लागते. चौकटीचे काही चुकत नाही. रकान्याकडून वहीचे काम मागणाऱ्याचे चुकते. उपायही सोपा आहे: 'चौकटीचा मजकूर ही नवी ओळ' असे न म्हणता 'चौकटीत आहे तो मजकूर, त्यापुढे नवी ओळ' असे म्हणावे. आमच्या मित्राला हे दोन मिनिटांत समजले. आम्हांला मात्र ही गोष्ट केवळ युक्तीची वाटत नाही. 'बदल' आणि 'भर' यांतील फरक ज्याला उमगला त्याला दफ्तर म्हणजे काय हे उमगले.

परंतु हुरूप आलेल्या तरुणाने लगेच दहाचे लाख केले. बटण दाबले आणि खिडकी गोठली. चौकट कोरी, बटण दबलेलेच, वर 'प्रतिसाद नाही' अशी पाटी. आजोबा म्हणाले, "मेलं की काय ते?" मेले नव्हते; कामात होते. याचेही कारण ऐतिहासिक आहे.

खिडकीवाल्या प्रणालीत प्रत्येक कार्यक्रमाला बहुधा एकच कारकून असतो. बटण दाबले, माऊस हलला, खिडकी रंगवावयाची आहे, असे निरोप रांगेत येतात आणि कारकून एकेक निरोप निकालात काढतो. गावच्या तलाठ्याचे उदाहरण घ्या. खिडकीवर आलेल्या माणसाला तोच उत्तर देतो आणि आत जाऊन नोंदवहीही तोच लिहितो. त्याला लाख ओळींची वही लिहावयास बसविले, तर ती संपेपर्यंत खिडकीवर कोणी नाही. वहीत ओळी पडत असतील, पण बाहेरच्याला काय दिसणार? अगदी चौकटीत मजकूर भरला गेला तरी तो पडद्यावर चितारण्याचा निरोप त्याच रांगेत ताटकळत उभा राहू शकतो.

जुन्या विंडोजमध्ये तर सबंध यंत्राचीच ही गत होती. एका कार्यक्रमाने मान वर केली नाही तर बाकीचे सारे खोळंबत. विंडोजच्या घरात १९९३ साली एनटी आणि १९९५ साली विंडोज ९५ आल्यावर यंत्र दर कार्यक्रमाला ठराविक वेळ वाटून देऊ लागले. परंतु एका कार्यक्रमाच्या आतला कारकून एकटाच राहिला. व्हिज्युअल बेसिकने त्याला एक आज्ञा दिली होती, तिचा अर्थ 'मध्येच मान वर करून खिडकीवर पाहा' असा. फेऱ्यात ती घातली की ओळी दिसू लागत. पण त्यात मेख अशी, की मान वर केली असता बाहेरचा माणूस तोच अर्ज पुन्हा आत सरकवू शकतो, म्हणजे तेच बटण पुन्हा दाबू शकतो. मग पहिली वही अर्धी असतानाच दुसरी सुरू. कित्येकांनी हा गोंधळ अनुभवला आहे. पुढे डॉटनेट २००२ साली आले, आणि २००५ सालच्या आवृत्तीत मागच्या दाराने काम करणारा दुसरा कारकून नेमण्याची सोपी सोय झाली. मात्र त्याने खिडकीच्या वस्तूंना स्वतः हात लावावयाचा नाही, ओळ पुढच्या कारकुनाकडे द्यावयाची, हा नियमही कडक झाला. ज्याने चौकट मांडली त्यानेच तिच्यात लिहावे. दफ्तराच्या शिस्तीत मुरलेल्या माणसाला हा नियम नवा वाटू नये.

एक हिशेब मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. 'आहे तो मजकूर, त्यापुढे नवी ओळ' हे ऐकावयास स्वस्त वाटते. पण यंत्र बहुधा दर वेळी आधीचा सगळा मजकूर नव्याने उतरून घेते आणि मग एक ओळ जोडते. हजार ओळींसाठी त्याला एक अधिक दोन अधिक तीन असे हजारापर्यंत, म्हणजे ५,००,५०० ओळी उतराव्या लागतात. लाख ओळींसाठी पाचशे कोटींहून अधिक. म्हणून जाणते लोक ओळी आधी बाजूला गोळा करतात आणि शेकड्या-शेकड्याने चौकटीत ओततात. रोजकीर्दीवरून खतावणी दिवसाअखेरीस एकदाच चढवावी, दर पैशाला नव्हे, हे आपले व्यापारी फार पूर्वीपासून जाणत होते.

हे सारे सांगून झाल्यावर आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या सातबाऱ्याचं पण असंच झालं होतं."

गोष्ट अशी. काही वर्षांपूर्वी हस्तलिखित उतारे संगणकावर चढत असताना त्यांच्या एका गटाच्या उताऱ्यावरून धाकट्या बहिणीचे नाव गळले. कोणी मुद्दाम केले नाही. जुन्या पानावर नावे एकाखाली एक होती. नव्या पानावर शेवटचे तेवढे आले. बहीण सासरी, तिला पत्ता नाही. आजोबांनी जुनी पाने आणि फेरफार काढून आणले, खेटे घातले, आणि नाव परत लागले. "तेव्हा मला कोणी सांगत नव्हतं, की नाव आलं होतं आणि भरकन गेलं," ते म्हणाले.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, हे आपण सारे जाणतो. सातमध्ये जमीन कोणाची, बारामध्ये पीक कोणते. परंतु त्यांच्या मागे उभा असतो तो गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही. मुंबई इलाख्यात १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्यापासून ही पद्धत आली, आणि आज ती १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली चालते. तिची रीत लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. खरेदी झाली, वारस लागले, वाटप झाले, की फेरफारात नव्या क्रमांकाने नोंद पडते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. त्यानंतर सातबारावर जुने नाव पुसत नाहीत. त्याला पूर्वी कंस करीत आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहीत. लव्हलेसबाईंचा डाव्या खांद्यावरचा आकडा आणि आपल्या तलाठ्याचे वर्तुळ यांचे काम एकच: पूर्वी येथे दुसरे काही होते, आणि ते शोधावयाचे तर कोठे पाहावे. आमच्या मते आपल्या महसुली व्यवस्थेतील हा कंस फार थोर गोष्ट आहे, आणि तिचे पुरेसे कौतुक झालेले नाही.

हस्तलिखितावरून संगणकावर येताना असल्या चुका अनेक ठिकाणी झाल्या, हे शासनालाही ठाऊक होते. म्हणून २०१७ साली राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. संगणकातील उतारे गावासमोर मोठ्याने वाचून दाखवावयाचे, आणि चूक असेल तर खातेदाराने तेथेच सांगावयाचे. लेखनातील अशा चुका दुरुस्त करण्यासाठी संहितेचे १५५ वे कलम आहे. पुढे १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून नमुना बारामधील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करण्याची ई-पीक पाहणी सुरू झाली. पण आमचे मन त्या चावडी वाचनावरच रेंगाळते. एवढे यंत्र, एवढी गती. आणि शेवटी खातेदार समोर बसवून, एकेक ओळ कानाला झेपेल अशा वेगाने वाचावयाची. परवचाच तो.

या तक्रारींच्या मुळाशी लिपीचाही एक भाग होता, तोही ओझरता सांगतो. जुन्या व्हिज्युअल बेसिकच्या चौकटीला देवनागरी ठाऊक नव्हती. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट तंत्र किंवा बाजारातील निरनिराळे टंकसंच वापरून इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर मराठीचे मुखवटे चढवीत. तोच टंक असेल तोवर 'विंझर' दिसे. दुसऱ्या यंत्रावर नेले की कचरा दिसे. युनिकोड रुळल्यावर हा उपद्रव पुष्कळ कमी झाला. पण दिसते ते आणि साठविले आहे ते एकच असेल असे धरून चालू नये, हा धडा त्या पिढीला चांगलाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नातवाने पुन्हा खिडकी उघडली. आता ओळी एकाखाली एक येत होत्या, आणि त्याने प्रत्येक ओळीनंतर अर्ध्या सेकंदाचा विसावा घातला होता, आजोबांसाठी. तो विसावाही त्याने कारकुनाला झोपवून न घेता घड्याळाच्या निरोपावर घेतला होता, त्यामुळे खिडकी गोठली नाही. आजोबांनी औटकी मागितली. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा अशा ओळी उतरू लागल्या आणि ते पडद्याच्या आधी म्हणू लागले. पस्तिसाला दोघे बरोबर पोहोचले.

मग त्यांनी विचारले, "आणि ही खिडकी मिटली की?"

"मग जातं सगळं," नातू म्हणाला. "चौकट फक्त दाखवते. ठेवायचं असेल तर फाईलमध्ये वेगळं लिहावं लागतं."

"मग लिही की."

आम्ही सकाळच्या गाडीने निघालो तेव्हा तो तेच करीत बसला होता. प्रत्येक ओळ चौकटीत जाण्याआधी फाईलमध्ये जावी, असा क्रम त्याने लावला होता, आणि दर ओळीच्या डाव्या बाजूला तारीख नि वेळ घातली होती.